हिरडा आणि जैवरेणूंचा धडा

अकरावीच्या जीवशास्त्रात 'जैवरेणू' नावाचा धडा येतो. कर्बोदके, प्रथिने, मेद आणि न्यूक्लिक आम्ले अशा चार चौकटी फळ्यावर आखल्या जातात. प्रत्येकीत व्याख्या, प्रकार, उदाहरणे आणि कार्ये भरली की धडा 'झाला'. वर्गावर्गांत शिक्षकांशी बोलताना आम्हाला एक तक्रार हमखास ऐकू येते. मुले नावे पाठ करतात, पण हे रेणू एकमेकांशी वागतात कसे, याचा त्यांना पत्ता नसतो. पेप्टाइड बंधाची आकृती बिनचूक काढणाऱ्या मुलाला 'हा बंध तोडायला काय लागेल?' असे विचारले, तर तो गप्प होतो.

यावर उपाय म्हणून धड्याची सुरुवात चार चौकटींपासून न करता एखाद्या ओळखीच्या वस्तूपासून करून पाहावी, असे आम्ही सुचवतो. पुणे जिल्ह्याच्या जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांतील शाळांना अशी वस्तू शोधायला दूर जावे लागणार नाही. ती वस्तू म्हणजे हिरडा.

सह्याद्रीच्या कड्यावरचे पीक

या दोन्ही तालुक्यांचा पूर्व भाग बागायती आहे. पश्चिमेला आंबेगावात आहुपे, भीमाशंकरच्या बाजूला आणि जुन्नरमध्ये आंबे-हातवीज, घाटघरच्या बाजूला सह्याद्रीचा माथा लागतो. येथे पाऊस भरपूर आणि शेती मुख्यतः भाताची, तीही पावसाच्या पाण्यावरची. जंगलात आणि मालकीच्या बांधावरही हिरड्याची झाडे आहेत. शास्त्रीय नाव टर्मिनॅलिया चेबुला. येथील महादेव कोळी कुटुंबांना वर्षातली मोठी रोख रक्कम बहुधा या झाडाकडून मिळते.

पूर्ण पिकलेल्या फळापेक्षा येथे महत्त्व आहे ते बाळहिरड्याला. आतली अठळी टणक होण्यापूर्वीच, उन्हाळ्याच्या दिवसांत, कोवळी फळे झाडावरून पाडतात किंवा गळलेली वेचतात आणि खडकावर, अंगणात वाळत घालतात. हिरवी फळे काही दिवसांत सुरकुततात, काळी पडतात आणि हातात घेतली की खडखडतात. बाजारात हिरड्याला वयानुसार वेगवेगळी नावे आहेत. कोवळा तो बाळहिरडा, मधल्या वयाचा चांभारी हिरडा आणि पक्व झालेला सुरवारी हिरडा. चांभारी या नावातच त्याचा एक जुना उपयोग सांगितला आहे. कातडे कमावण्यासाठी हिरडा जगभर गेला. परदेशी व्यापारात हिरड्याच्या प्रतींना बंदरांची व गावांची नावे पडली होती. त्यांत 'विंगोर्ला' ही एक प्रत होती, म्हणजे आपले वेंगुर्ले.

कातडे कमावणे, जीभ आखडणे, शाई काळी होणे आणि ओला हिरडा वाया जाणे या चारही गोष्टींमागे टॅनिन नावाच्या पदार्थांचा एक गट आहे. सुकलेल्या हिरड्याच्या गरात टॅनिनांचे प्रमाण साधारण तीस टक्क्यांच्या घरात असते. धड्याच्या चार चौकटींत टॅनिनांना जागा नाही. तरीही त्या चौकटींत ज्या नियमांनी कामे चालतात, ते सारे नियम येथे उघडपणे दिसतात.

एका रेणूचा हिशेब

हिरड्यातील एक प्रमुख टॅनिन म्हणजे चेब्युलिनिक आम्ल. नाव दचकवणारे असले तरी त्याची रचना मुलांना वजाबाकीने समजावता येते.

मध्यभागी ग्लुकोजचा एक रेणू आहे. भातात, ऊसात, रक्तात भेटणारा हाच तो ग्लुकोज. त्याच्या कड्यावर ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोड्या, म्हणजे हायड्रॉक्सिल गट, पाच ठिकाणी असतात. त्यांपैकी तीन जागी गॅलिक आम्लाचा एकेक रेणू जोडलेला आहे. उरलेल्या दोन जागा चेब्युलिक आम्लाच्या एकाच रेणूने दोन टोकांनी धरल्या आहेत.

आता रेणुभार मांडू. ग्लुकोजचा १८०. गॅलिक आम्लाचा १७०, त्याचे तीन रेणू म्हणजे ५१०. चेब्युलिक आम्लाचा ३५६. बेरीज १०४६ येते. पण चेब्युलिनिक आम्लाचा प्रत्यक्ष रेणुभार आहे ९५६. मधले ९० कोठे गेले?

हा प्रश्न फळ्यावर लिहून थोडा वेळ थांबावे. पाण्याचा रेणुभार १८ आहे आणि जोड पाच आहेत, हे कोणाच्या तरी लक्षात येते. १८ पंचे ९०. प्रत्येक जोड होताना पाण्याचा एक रेणू बाहेर पडतो. आम्ल आणि हायड्रॉक्सिल गट यांच्यात पाणी निघून जो बंध होतो त्याला एस्टर बंध म्हणतात.

एवढा हिशेब जमला की चार चौकटींकडे वळावे. पिष्टमय पदार्थात ग्लुकोजची साखळी असते. साखळीतील प्रत्येक ग्लुकोजचा वाटा १८० नसून १६२ भरतो, कारण प्रत्येक जोडाला १८ गेले. ग्लायसिन या सर्वांत लहान अमिनो आम्लाचा रेणुभार ७५. असे दोन जोडले तर १५० व्हायला हवेत, पण होतात १३२. तो पेप्टाइड बंध. मेदात ग्लिसरॉलला तीन मेदाम्ले जोडलेली असतात आणि तीन पाणी गेलेले असते. हे जोड हिरड्यातल्यासारखेच एस्टर बंध आहेत. न्यूक्लिक आम्लांची साखळीही घटक जोडताना पाणी गमावूनच होते, असा हिशेब मांडता येतो. जिवंत पेशी हे जोड प्रत्यक्षात थेट पाणी काढून करत नाही. त्यासाठी ऊर्जा खर्च करून आडमार्गाने जाते. पण जमाखर्चाच्या वहीत शेवटी पाणीच वजा झालेले दिसते.

उलटा प्रवासही तसाच. प्रत्येक जोडात पाण्याचा एकेक रेणू परत घातला की घटक सुटे होतात. यालाच जलीय विच्छेदन म्हणतात. आपल्या आतड्यात भाकरीचे आणि डाळीचे होते ते हेच.

ब्राकोनो यांचे तीन पदार्थ

हा समान धागा दाखवायला आंरी ब्राकोनो या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाचे काम फार उपयोगी पडते. नान्सी या गावी काम करताना त्यांनी लाकडाचा भुसा आणि तागाच्या चिंध्या गंधकाम्लात टाकून नंतर उकळल्या. त्यातून १८१९ मध्ये गोड साखर मिळाली, म्हणजे सेल्युलोजचे ग्लुकोज झाले. जुन्नरला एकेकाळी हातकागद होत असे आणि जुन्नरी कागद नावाजलेला होता. त्या कागदातही हेच सेल्युलोज, म्हणजे रचनेने ग्लुकोजची साखळी.

पुढल्याच वर्षी, १८२० मध्ये, त्यांनी तोच प्रयोग जिलेटिनवर केला. जिलेटिन कातडे, हाडे उकळून मिळते. येथेही गोड स्फटिक मिळाले. त्यांना त्यांनी जिलेटिनची साखर म्हटले. ती साखर नव्हती. ते ग्लायसिन होते, प्रथिनातून मिळालेल्या पहिल्यावहिल्या अमिनो आम्लांपैकी एक. याच ब्राकोनोंनी टॅनिनांच्या अभ्यासात मिळालेल्या एका आम्लाला नाव दिले ते मोठ्या गमतीने. फ्रेंचमध्ये झाडावरच्या गाठीला 'गाल' म्हणतात. गॅलिक आम्लाचे नाव त्यावरून पडलेले होतेच. ब्राकोनोंनी त्या शब्दाची अक्षरे उलटी केली आणि एलॅजिक आम्ल हे नाव तयार झाले. हिरड्याने कमावलेल्या कातड्यावर कधी कधी पिवळसर भुकटीचा थर दिसतो, तो याच एलॅजिक आम्लाचा.

कर्बोदक, प्रथिन आणि टॅनिन हे तिन्ही पदार्थ वेगळे दिसत असले तरी पाण्याने तुटणारे आहेत, ही गोष्ट मुलांच्या मनावर ठसायला एवढी हकीकत पुरेशी आहे.

दुसऱ्या प्रकारचे बंध

आतापर्यंतचे बंध पक्के होते. पण जैवरेणूंचे बरेचसे वागणे ठरते ते दुबळ्या बंधांवर. हिरडा येथेही कामास येतो.

हिरडा चावला की तोंड कोरडे, खरखरीत होते. याला तुरट चव म्हणतात, पण त्यात चवीपेक्षा स्पर्शाचा भाग मोठा आहे. लाळेत प्रथिने असतात आणि त्यांच्यामुळे जीभ बुळबुळीत राहते. टॅनिनचे रेणू या प्रथिनांना चिकटतात, त्यांचे पुंजके होतात आणि वंगण नाहीसे होते.

चिकटतात ते कसे? गॅलिक आम्लाच्या प्रत्येक कड्यावर तीन हायड्रॉक्सिल गट असतात. त्यांतला हायड्रोजन प्रथिनाच्या साखळीतील ऑक्सिजनशी सलगी करतो. हा हायड्रोजन बंध. शिवाय पाण्यापासून दूर राहू पाहणारे सपाट कडे प्रथिनातील तशाच भागांना लगटून बसतात. असा एकेक बंध सहज तुटतो. पण चेब्युलिनिक आम्लासारख्या मोठ्या रेणूला अनेक हात असतात. त्यामुळे तो एकाच वेळी दोन-तीन प्रथिन रेणूंना धरून त्यांची मोळी बांधू शकतो. एकट्या गॅलिक आम्लाला हे जमत नाही. त्याचे गट तेच आहेत, पण रेणू फार लहान आहे. हा मुद्दा पुढे लागणार आहे, म्हणून येथे नीट ठसवावा.

कातडे कमावताना हेच घडते. कातड्यातील मुख्य प्रथिन कोलॅजेन. त्याच्या तीन साखळ्या दोरखंडाच्या पिळासारख्या एकमेकींभोवती गुंफलेल्या असतात. प्रत्येकीत सुमारे हजार अमिनो आम्ले असतात आणि दर तिसरे ग्लायसिन असते. ब्राकोनोंना जिलेटिनमधून ग्लायसिन मिळाले यात नवल नव्हते, कारण जिलेटिन म्हणजे उकळून पीळ सुटलेले कोलॅजेन. या तिपेडी रचनेचा शोध आपल्याच देशात लागला. मद्रास विद्यापीठात गो. ना. रामचंद्रन आणि गोपीनाथ कर्था यांनी १९५४-५५ मध्ये ती मांडली. त्यांना कोलॅजेनचे नमुने मिळाले होते ते तेथल्याच केंद्रीय चर्मसंशोधन संस्थेकडून.

ओले कातडे कुजते, कारण जिवाणूंची विकरे कोलॅजेनच्या साखळ्यांत पाणी घालून त्या तोडतात. टॅनिन या दोरखंडांच्या मधल्या फटींत शिरून त्यांना एकमेकांशी बांधते. मग विकरांना आत शिरकाव मिळत नाही आणि कातडे वर्षानुवर्षे टिकते. झाड स्वतः टॅनिन तयार करते त्यामागेही असेच कारण असावे असे मानतात. कोवळे फळ कुरतडणाऱ्या किड्याच्या तोंडातली आणि पोटातली प्रथिनेही यातून सुटत नाहीत.

वर्गात करण्याजोगे

चार-पाच बाळहिरडे कुटून पेलाभर पाण्यात दहा मिनिटे उकळावेत, गार करून फडक्याने गाळावेत. उकळण्याचे काम शिक्षकांनी करावे. काढा पिण्यासाठी नाही, हे आधी सांगावे.

पहिला प्रयोग. अंड्याचा पांढरा बलक दहापट पाण्यात, चिमूटभर मीठ घालून ढवळावा आणि गाळून घ्यावा. तीन परीक्षानळ्या घ्याव्यात. पहिलीत बलकाचे द्रावण, दुसरीत साखरेचे पाणी, तिसरीत नुसते मीठपाणी. प्रत्येकीत काढ्याचे दहा थेंब टाकावेत. बलकाच्या नळीत लगेच गढूळ साका होतो. उरलेल्या दोन नळ्यांत फक्त काढ्याचा रंग उतरतो.

एखादे चौकस मूल म्हणेल, काढा आंबटही आहे, मग हे काम आम्लाचे कशावरून नाही? प्रश्न रास्त आहे. त्यासाठी बलकाच्या आणखी एका नळीत लिंबाचा गाळलेला रस तेवढाच टाकून दोन्ही नळ्या शेजारी ठेवाव्यात आणि फरक मुलांनाच लिहू द्यावा. याच कारणाने या प्रयोगासाठी दूध वापरू नये. ते नुसत्या आंबटपणानेही फाटते.

दुसरा प्रयोग. साका झालेल्या नळीत धुण्याच्या सोड्याचे द्रावण थेंबाथेंबाने घालून हलवावे. रंग गडद होतो आणि साका बराचसा विरघळतो. सोड्यामुळे टॅनिनवरच्या हायड्रॉक्सिल गटांतील हायड्रोजन निघून जातो. मग हायड्रोजन बंध कशाने होणार? शेजारी बलकाचेच द्रावण उकळून गोठवलेली एक नळी ठेवावी आणि सोड्याने तीही तितक्या सहज निवळते का, ते पाहावे. प्रथिनाचा साका होण्याच्या दोन वाटा वेगळ्या आहेत, हे यातून बोलता येते.

तिसरा प्रयोग. काढ्यात गंजलेला खिळा रात्रभर ठेवावा. सकाळी काढा निळसर काळा झालेला असतो. लोहाचे अणू टॅनिनच्या शेजारशेजारच्या हायड्रॉक्सिल गटांत अडकून हा रंग येतो. हिरडा आणि हिराकस यांपासून काळा रंग करण्याची रीत रंगाऱ्यांना फार पूर्वीपासून ठाऊक आहे. मुलांनी बोरूने या शाईत आपले नाव लिहून पाहावे.

एक सावधगिरी. काढ्यात साखर आहे का हे पाहण्यासाठी फेलिंगचे किंवा बेनेडिक्टचे द्रावण वापरू नये. टॅनिन आणि गॅलिक आम्लही या द्रावणांचे क्षपण करू शकतात. त्यामुळे रंग बदलला तरी तो साखरेमुळेच, असे म्हणता येणार नाही. परीक्षा रेणूचे नाव सांगत नसते, त्याचे वागणे सांगते. पुस्तकात हे फारसे येत नाही, म्हणून येथे मुद्दाम सांगावे.

पाऊस आला तर

आता ओल्या हिरड्याकडे येऊ. वळवाच्या सरीत वाळत घातलेला माल भिजला आणि ढिगात तसाच राहिला, की त्यावर बुरशी चढते. घरोघरी हे माहीत आहे. भिजलेल्या मालाला भाव पडून मिळतो, हेही माहीत आहे. पण आत काय घडते?

टॅनिनमधील एस्टर बंध तोडायला पाणी लागते, हे आपण पाहिले. मग हिरडा भिजला की बंध लगेच तुटतात का? नाही. नुसत्या थंड पाण्यात ही क्रिया अतिशय मंद चालते. ब्राकोनोंना गंधकाम्ल आणि उष्णता लागली होती. बुरशीला ती लागत नाहीत, कारण तिच्याजवळ विकर आहे. टॅनिनच्या पाण्यातील द्रावणात बुरशी वाढली की गॅलिक आम्ल तयार होते, हे फान टीगेम या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाने १८६७ मध्ये दाखवले. त्यामागील विकराला टॅनेज म्हणतात. काळी बुरशी अ‍ॅस्परजिलस नायजर हे विकर बनवते. पुढे उद्योगात गॅलिक आम्ल मिळवण्यासाठी याच गुणाचा उपयोग झाला.

हिशेब पुन्हा मांडावा. ९५६ च्या रेणूत पाच पाणी, म्हणजे ९०, परत गेले. ग्लुकोज सुटले, ते बुरशीने खाल्ले. गॅलिक आम्लाचे तीन रेणू मोकळे झाले. हायड्रॉक्सिल गट एकही नाहीसा झालेला नाही, पण मोळी बांधणारा मोठा रेणू उरला नाही. कातडे कमावण्याच्या दृष्टीने तो माल दुबळा झाला.

म्हणजे खडकावर हिरडा वाळवणारी बाई, रसायनशास्त्राच्या भाषेत सांगायचे तर, त्या पाच बंधांना पाण्यापासून जपत असते. वाळवल्याने दोन गोष्टी साधतात. तोडायला लागणारे पाणी जाते आणि तोडणारी बुरशी वाढू शकत नाही. ३ जून २०२० रोजी आलेल्या निसर्ग चक्रीवादळाने या पट्ट्यातील हिरड्याचे मोठे नुकसान केले. फांद्या मोडल्या, झाडे पडली. वादळापुढे कोणाचे चालत नाही. पण दरवर्षीच्या एखाददुसऱ्या सरीने होणारे नुकसान वेगळ्या जातीचे आहे. झाकायला ताडपत्री, पसरायला उंचावरची कोरडी जागा, आणि भिजलेला माल सुक्या ढिगात न मिसळण्याची शिस्त, एवढ्यानेही त्यातला बराच भाग वाचू शकतो. त्यामागचे कारण घरातल्या शिकणाऱ्या मुलाला सांगता आले, तर धडा शाळेच्या भिंतीबाहेर गेला असे म्हणू.

येथून एक चौथा प्रयोग सुचतो. त्याचा निकाल आम्ही आधी सांगत नाही. एकाच ढिगातले बाळहिरडे दोन वाट्यांत घ्यावेत. एक वाटी कोरडी ठेवावी, दुसरीतले फळ ओलसर करून झाकावे. बुरशी चढल्यावर त्या वाटीला नाकातोंडाजवळ नेऊ नये, फळांना उघड्या हाताने शिवू नये. तीन आठवड्यांनी शिक्षकांनी दोन्हींतले फळ उन्हात सारखे वाळवून, सारख्या वजनाचे घेऊन काढे करावेत. ते पाणी घालून दुप्पट, चौपट, आठपट पातळ करत जावे आणि बलकाचा साका कोणत्या टप्प्यापर्यंत दिसतो ते नोंदवावे. लोहाची शाईही दोन्हींची करावी. शाई दोन्हींत काळी आली आणि साका मात्र एकात लवकर थांबला, तर त्याचा अर्थ काय, हे मुलांनी स्वतः लिहावे. तसे झाले नाही, तर का झाले नाही, हेही लिहावे. ओलावा, दिवस, बुरशीची जात यांपैकी काय वेगळे पडले असेल, याची चर्चा उत्तरापेक्षा अधिक शिकवेल.

ज्या शाळांजवळ हिरडा नाही, त्यांनी बाभळीची साल, डाळिंबाची साल किंवा चहाची पूड घेऊन पहिले तीन प्रयोग करावेत. यांतली टॅनिने वेगळ्या घडणीची आहेत. चहातील तर पाण्याने सहजी तुटणारी नाहीत. कोणती कोठे वेगळी वागतात, याचा तक्ता वर्गाने मिळून करावा. घोडेगाव आणि जुन्नर परिसरातील शिक्षकांनी आपल्या मुलांच्या चौथ्या प्रयोगाच्या नोंदी, मग त्या कशाही निघोत, आम्हाला अवश्य कळवाव्यात.